पाटीवाले वकील

पहिल्याच भेटीत वकिलांनी मला खोलीबाहेर काढलं.

सांगलीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत सायकलीच्या दुकानावर त्यांची खोली होती. जिना एवढा अरुंद की वर जाणाऱ्यानं आधी हाक मारायची, म्हणजे वरचा थांबायचा. मी आणि माझी बायको वर जाऊन बसलो. त्यांनी तिच्याकडं बघून विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "त्याचं आसं झालं साहेब..."

"साहेब कोर्टात बसलाय. मी वकील. आणि तुम्हाला कुणी विचारलं?"

"तिला न्हाई जमायचं सांगाया."

"तुम्ही हितं बसलात तर खरंच न्हाई जमायचं. खाली दुकानात बाकडं आहे, त्याच्यावर जाऊन बसा."

मी तेव्हा पासष्टीला टेकलेलो. चाळीस वर्षं परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं गाळलेला माणूस. मला असं कुणी उठवलं नव्हतं. बाकड्यावर बसून मनातल्या मनात त्यांना लय शिव्या घातल्या. त्या शिव्या आठवल्या की आता माझी मलाच लाज वाटते. कारण त्या पाऊण तासात माझी बायको वर जेवढं बोलली, तेवढं माझ्यापुढं वर्षात बोलली नसेल.

मला वर बोलावलं तेव्हा त्यांच्या मांडीवर पाटी होती. शाळेतली, दगडाची, लाकडी चौकटीची. तेच त्यांचं येड. दुसऱ्या वकिलांकडं लॅपटॉप आले, टायपाला माणसं आली, हे अजून पाटीवर पेन्सिल घासत बसायचे. पक्षकार जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत पाटीवर लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, तो "व्हय" म्हणाला की कागदावर उतरवायचं आणि पाटी पुसायची. कागदावर आधी का लिहीत नाही म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "कागदावर लिहिलेलं माणसाला खरं वाटाय लागतं. पाटीवरचं तो खोडाय लावतो."

कुणी नुसता रागानं बडबडायला लागला की म्हणायचे, "वाटतं ते नको. बोललास ते सांग." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

काळ्या कोटाच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. उजव्या खिशातनं काढायच्या, फोडायच्या, टरफलं डाव्या खिशात. कोर्टाच्या व्हरांड्यात पट्टेवाल्यापासनं आरोपीपर्यंत सगळ्यांना वाटायचे. माणसांना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "ए तासगाव, आत ये." "काय कडेगाव, जामीनदार आणला का?" ते स्वतः मेढ्याकडचे, डोंगरातले. माझ्या बायकोचं माहेर मेढ्याच्या पलीकडं दोन कोसांवर आहे म्हटल्यावर ती त्यांची "मेढ्याची" झाली आणि मी "जावईबापू." त्यात मान कमी आणि टोमणा जास्त होता.

काय झालं होतं ते आता सांगतो.

माझी बायको गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. एकोणीस वर्षं. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, रडणारं पोर काखेत घेऊन दुसऱ्या हातानं झाडायची. पावसाळ्यात एक दिवस गावातला एक पुढारी माणूस खताची पोती घेऊन आला. घर गळतंय, पोती अंगणवाडीत ठेवतो म्हणाला. आत बारा पोरं जेवत होती. ही दारात उभी राहिली. तो पोतं खांद्यावर घेऊन आत घुसायला लागला, पायरी वल्ली होती, घसरला आणि मनगट मोडून घेतलं. त्यानं पोलिसांत दिलं की बाईनं मला ढकललं.

मी तेव्हा दुकानात, हजार मैलांवर. गावातल्या एकानं तालुक्याला एक वकील करून दिला. तरणा पोरगा. तीन तारखा झाल्या, चौथ्या तारखेला तो तिला म्हणाला, "मावशी, कशाला हेलपाटे घालताय? कबूल आहे म्हणा. कोर्ट उठेपर्यंत बसायचं, दंड भरायचा, घरी जायचं." तिनं मला फोन लावला. सोनं वितळायची मूस भट्टीवर होती, मागं मालक उभा. मी म्हणालो, "वकील म्हणतोय तसं कर आन मोकळी हो." आणि फोन ठेवला.

ती संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकड्यावर बसली, दंड भरला, एस.टी.नं घरी आली.

दोन महिन्यांनी ऑफिसचा कागद आला. कोर्टात गुन्हा शाबित झालाय, सबब कामावरनं कमी. गावानं तर तिला त्याच्या आधीच गुन्हेगार ठरवलं होतं. शेजारणी पोरास्नी सांगायच्या, मावशीच्या वाटंला जाऊ नका, ती ढकलती. ती काही बोलली नाही. फक्त अंगणवाडीपुढनं जायचं सोडलं. पाण्याला लांबच्या हापशावर जायची. मी दुकान सोडून कायमचा गावी आलो, तर घरात एक मुकी बाई. दीड वर्ष असं काढलं. तिचा भाऊ मेढ्याहून आला, त्यानं या वकिलांचं सांगितलं.

तर पहिल्या दिवशी मी बाकड्यावरनं वर गेलो तेव्हा पाटीवर दोनच शब्द होते. "मान हलवली." वकिलांनी तिला विचारलं होतं, त्या दिवशी कोर्टात तू काय बोललीस? ती म्हणाली, "काय न्हाई. वकीलसायेब बोललं, मी मान हलवली." तर ह्यांनी तिला उभी करून मान कशी हलवली ते तीनदा करून दाखवायला लावलं!

मग माझ्याकडं वळले. "हिला कबूल म्हणायला कुणी सांगितलं?"

"त्या वकिलानं. मुडदा बशिवला त्याचा, त्यानं..."

"शिव्या खाली सायकलीच्या दुकानात. आणखी कुणी सांगितलं?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"जावईबापू, पेन्सिल थांबलीय."

"मी," म्हणालो.

त्यांनी पाटीवर लिहिलं. मी. एकच अक्षर. वाचून दाखवलं. "व्हय?" मी व्हय म्हणालो. "हे प्रतिज्ञापत्रात येणार," म्हणाले. बायको खिडकीकडं बघत होती. दीड वर्ष जे आमच्या दोघांच्या मधी पडून होतं, ते त्या माणसानं एका अक्षरात बाहेर काढलं. घरी येताना एस.टी.त ती मला म्हणाली, "भूक लागलीया." बघायला गेलं तर साधी गोष्ट, पण ती आपणहून काही म्हणाली याला लय दिवस झाले होते.

काम हातात घेण्याआधी वकिलांनी तिला भ्यावही दाखवलं. "हे बघ मेढ्याची, दंडावर सुटलेली बाई तू. मी हे पुन्हा उघडलं आणि आपण हरलो, तर आत बी बसावं लागंल. घरी जाऊन इचार कर."

तिनं घर कशाला गाठायचं? तिथंच म्हणाली, "बशीन की. पर जे केलं न्हाई त्याला व्हय म्हणून मरायची न्हाई."

हे पाटीवर लिहिलं नाही त्यांनी. नुसते शेंगा फोडत बसले बराच वेळ.

एक सवय मला तेव्हा येडेपणाची वाटली. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आधी तोंडावर सांगायचं. मला स्कूटरवर मागं बसवून ते त्या तरण्या वकिलाकडं तालुक्याला गेले. म्हणाले, "बाळ, तू या बाईचं काम नीट केलं नाहीस, असं मी सांगलीच्या वरच्या कोर्टात लिहिणाराय. पाठीमागं लिहायची सवय नाही, म्हणून आलो."

पोरानं खुर्ची पुढं केली. चहा मागवला. मग खाली बघून म्हणाला, "काका, त्या दिवशी माझ्याकडं सतरा कामं होती. मावशींचं शेवटचं. खरं सांगतो, फाईल उघडली नव्हती मी. कबुलीचा अर्ज छापील असतो, नाव-गाव वकीलपत्रावरनं घेतलं, खालचा मजकूर नेहमीसारखा मीच भरला आणि सही घेतली."

"हे लिहून देशील?"

"मला अजून तीस वर्षं वकिली करायचीय काका."

"म्हणूनच विचारतोय," म्हणाले आणि चहा पिऊन उठले.

परतताना मी म्हणालो, फुकट पेट्रोल जाळलं. आठ दिवसांनी पोस्टानं त्या पोराचं पत्र आलं. सतरा कामांपासनं सगळं लिहिलेलं, खाली सही. माझा त्याच्यावरचा निम्मा राग तिथं गेला. निम्मा अजून आहे.

मग तालुक्याच्या कोर्टातनं नक्कल आली. कबुलीचा कागद. मी त्या दिवशी एकटाच सांगलीला गेलो होतो. वकिलांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "जावईबापू, बायकोनं तुमचं नाव घेतलेलं कधी ऐकलंय?"

"लग्नात. उखाण्यात."

"त्याच्यानंतर?"

"कशाला घील?"

"रागात? भांडणात? आजारपणात?"

"न्हाई बा. आमच्यात बायका घेत न्हाईत. हाक मारायची तर 'आवं' म्हणती."

ते उठले आणि त्या एवढ्याशा खोलीत गोल फिरले. मग मला कागद वाचून दाखवला. वर छापलेलं, आरोपीने स्वतःच्या शब्दांत सांगितले की. आणि खाली हातानं भरलेलं, माझे पती श्री. अमुक तमुक हे गलाईच्या कामानिमित्त परगावी असतात, मी घरी एकटीच असते, रागाच्या भरात मी फिर्यादीस ढकलले, गुन्हा कबूल आहे, दया व्हावी. अमुक तमुकच्या जागी माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं.

"माझी आई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेली," वकील म्हणाले. "मतदार यादीवाला आला की ती मला बोलवायची, माझ्या बापाचं नाव सांगायला. मेढ्याची बाई हे वाक्य बोलंल व्हय?" मग बोट रोखून म्हणाले, "आता घरी जाऊन तिला यातलं काही सांगायचं न्हाई. काही शिकवायचं न्हाई. तुम्ही तिच्या जागी लय बोललाय."

चाळीस वर्षांत मी जुने डागिने मुशीत घालून सोनं वेगळं काढलं. सोन्यात दुसरं काय मिसळलंय ते मला नुसत्या रंगावरनं कळायचं. पण माझ्या बायकोच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द मिसळलेत, हे त्या माणसाला कळलं, मला नाही.

तारखेला कोर्टात सरकारी वकील म्हणाले, अर्जावर बाईची सही आहे, दंड भरलाय, दीड वर्ष गप्प बसल्या, आता काय? त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. मग आमचे उठले. टरफलांचा खिसा फुगलेला. म्हणाले, "साहेब, बाई हजर आहेत. कोर्टानं त्यांना एकच प्रश्न विचारावा. नवऱ्याचं नाव काय?"

"याचा काय संबंध?" सरकारी वकील म्हणाले.

"संबंध उत्तरात आहे."

साहेबांनी थोडं थांबून विचारलं, "बाई, तुमच्या पतीचं नाव सांगा."

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी सवयीनं तोंड उघडलं. तोच वकिलांनी माझ्याकडं न बघता बोट दाराकडं केलं. चल बाकड्यावर. मी तोंड मिटलं.

ती म्हणाली, "हे काय, मागं हुबं हायती. त्यास्नी इचारा की."

"त्यांना नाही, तुम्ही सांगा."

"आवं सायेब, मला न्हाई घेता यायचं."

"बरं, मग उखाण्यात घ्या."

तिनं पदर सारखा केला. "उखाणा घ्याया हितं काय हळदीकुकू हाय व्हय?"

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले. आमचे वकील तेवढे हसले नाहीत. हसू ओसरायची वाट बघितली आणि मग नक्कल वाचायला घेतली. श्री.पासनं माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. सावकाश, शाळेत वाचतात तसं. "साहेब, कायदा सांगतो, आरोपी जे बोलेल ते त्याच्या शब्दांत लिहा. हे हिचे शब्द म्हणून लिहिलेत. आणि हिचे शब्द कसे असतात ते कोर्टानं आत्ता ऐकलं."



साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, त्या दिवशी कोर्टात तुम्ही काय बोललात?"

"काय न्हाई. मान हलवली."

"त्या माणसाला ढकललं होतं तुम्ही?"

"मी दाराला हात लावून हुबी हुते. आत बारा पोरं जेवत हुती. पोरांच्या ताटात खत पाडू व्हय?"

त्या तरण्या वकिलाचं पत्रही वाचलं गेलं. तो स्वतः शेवटच्या बाकावर येऊन बसला होता, ते मला निघताना दिसलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. कबुली तिच्या शब्दांतली नाही, गुन्हा काय ते तिला समजावून दिलेला नाही, म्हणून शिक्षा रद्द, खटला पहिल्यापासनं चालवा. मी व्हरांड्यात वकिलांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतला. तिला म्हणाले, "सुटली न्हाईस अजून, मेढ्याची. फक्त तुझं तोंड तुला परत मिळालं."

ती म्हणाली, "तेच पायजे हुतं." आणि त्यांच्या खिशातनं आपल्या हातानं शेंगा काढून घेतल्या. मी बघतच राहिलो.

पुढचा खटला तालुक्याला झाला. तिथंही हेच आले, स्कूटरवर, दर तारखेला. फिर्यादीला त्यांनी जास्त काही विचारलं नाही.

"पायरी ओली होती?"

"व्हय."

"पोतं कुठल्या खांद्यावर?"

"उजव्या."

"बाई कुठल्या बाजूला?"

"उजव्याच."

"मग ढकललं तेव्हा तुम्हाला बाई दिसली का पोतं दिसलं?"

त्या माणसानं आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "पोतं." मला वाटतं त्याचंही ओझं तिथं उतरलं असावं, कारण बाहेर आल्यावर त्यानं माझ्याकडं बघून मान खाली घातली.

ती निर्दोष सुटली. ऑफिसनं कामावर घ्यायचा कागद काढायला पाच महिने घालवले, पण काढला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. ते चौदा महिने ती रोज साडेनऊला घरनं निघायची आणि मुद्दाम पेठेतनं, सगळ्यांच्या दारावरनं जायची. अंगणवाडी खरं तर आमच्या घरामागनं जवळ. मी म्हणालो, "वळसा कशाला घालतीस?" म्हणाली, "बघू द्या की लोकास्नी." संध्याकाळी आली की बोलायची. कुठल्या पोरानं काय केलं, कोण कुणाला चावलं. मी ऐकायचो. उशिरा का होईना, ऐकायला शिकलो. ते शिक्षण माझं त्या सायकलीच्या दुकानातल्या बाकड्यावर झालं.

माघात ती गेली. किडनीचं दुखणं, मिरजेला दवाखान्यात तीन आठवडे. शेवटच्या दिवसांत सिस्टर नवा फॉर्म भरायला आली. तोंडावर ऑक्सिजनची नळी. सिस्टर म्हणाली, "आजी, मालकांचं नाव काय?"

तिनं डोळे उघडले, मला शोधलं. आणि म्हणाली, "हे काय, हुबं हायती. त्यास्नी इचारा की."

त्याच्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं.

वकील आता साताऱ्याला असतात, लेकीकडं. डोळे गेल्यासारखेच आहेत, काम सोडलंय. तेरावं झाल्यावर मी गेलो. दारातनंच म्हणालो, "मेढ्याची गेली." आवाजावरनं ओळखलं त्यांनी. "जावई," म्हणाले. बापू म्हणाले नाहीत. खुर्चीवर बसवलं, शेंगा पुढं सारल्या. त्यांचे उपकार कसे मानायचे ते मी एस.टी.त बसून जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य तोंडातनं निघालं नाही. मी भडाभडा काहीतरी सांगायला लागलो, दवाखाना, डॉक्टर, माझं काय चुकलं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"वाटतं ते नको. शेवटचं काय बोलली?"

मी सांगितलं.

त्यांनी लेकीकडनं पाटी मागून घेतली. डाव्या हातानं चौकट चाचपत लिहीत गेले. ओळ वर चढली, अक्षरं एकमेकांवर गेली. मग मला म्हणाले, "वाचा. मला दिसत न्हाई." मी वाचलं.

"व्हय?"

"व्हय."

रिवाजाप्रमाणं त्यांचा हात फडक्याकडं गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी फडकं मांडीखाली घातलं आणि पाटी माझ्याकडं सरकवली.

एस.टी.त लय गर्दी होती. कुणाचा धक्का लागू नये म्हणून साताऱ्यापासनं विट्यापर्यंत, म्हणजे आमच्या तालुक्यापर्यंत, पाटी छातीपासनं चार बोटं लांब धरून आलो. आता भिंतीतल्या देवळीत ठेवलीय. घर मी रोज झाडतो, तेवढी देवळी सोडून.